काचेच्या गोळ्यातलं इस्पितळ आणि बॅटमॅनची उधारी

आमच्याकडे मालिकांचा 'महासंगम' असला की आई त्या दिवशी जेवणं लवकर उरकते. दोन वेगळ्या मालिकांतली दोन घराणी एकाच लग्नाला येतात, एकीची नायिका दुसरीच्या खलनायिकेला चार शब्द सुनावते आणि तासाभरानं सगळे आपापल्या वाड्यात परत. मागे एकदा असाच भाग चालू होता. आई मध्येच म्हणाली, "अगं, पण हिच्या गावात सध्या पूर आलाय ना? काल छपरावर बसली होती. मग आज इथे पैठणी नेसून कशी?"

मी हसले खरी, पण अमेरिकेत ह्याच प्रश्नावर लोकांची उभी हयात गेलेली आहे. तिकडचे कॉमिक्सवाचक ह्या भानगडीला कंटिन्युइटी म्हणतात. काल जे घडलं ते आज घडलेलंच असलं पाहिजे. एका मासिकात पूल पडला तर शेजारच्या मासिकातल्या नायकाला वळसा घालून जावं लागलं पाहिजे. ऐकायला सरळ वाटतं. पण बॅटमॅन १९३९ पासून दर महिन्याला छापला जातोय. त्याला लिहिणारे शेकडो, मालक मात्र एक कंपनी. एवढ्या वर्षांत तो पस्तिशीच्या फार पुढे गेलेला नाही. कुणी त्याचा एखादा मित्र मारतो, दुसरा पाच वर्षांनी त्याला जिवंत करतो, तिसऱ्याला तो मित्र होता हेच माहीत नसतं. वाचकांना मात्र सगळं माहीत असतं. मार्व्हल ह्या कॉमिक्स कंपनीचा संपादक स्टॅन ली, त्यानं तर १९६० च्या दशकात आपल्या मासिकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर ह्याचा खेळच करून टाकला. चूक दाखवून वर तिचा पटेल असा खुलासा करणाऱ्या वाचकाला 'नो-प्राइझ' मिळायचं, म्हणजे घरी एक पाकीट यायचं. आत काही नसायचं. लोक ती पाकिटं जपून ठेवत.

ह्या भानगडीची सर्वांत झकास टिंगल ज्यानं केली आणि जिचा सर्वांत चांगला उपयोगही ज्यानं करून दाखवला, तो माझा आवडता कॉमिक्स आणि कार्टूनचा लेखक ड्वेन मॅकडफी. एकेरीत लिहिते आहे. सचिनला कोण 'तेंडुलकर साहेब' म्हणतं?

आधी टिंगल. १९८२ ते १९८८ ह्या काळात अमेरिकेत 'सेंट एल्सव्हेअर' नावाची मालिका चालली. बॉस्टनमधलं एक जुनं, डबघाईला आलेलं इस्पितळ आणि तिथले डॉक्टर. तिचा शेवटचा भाग २५ मे १९८८ ला दाखवला गेला आणि त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत लेखकांनी प्रेक्षकांच्या पायाखालची सतरंजीच ओढली. सहा वर्षं जो डॉक्टर म्हणून पाहिला तो वेस्टफॉल अचानक बांधकामावर राबणारा एक मजूर निघतो. संध्याकाळी दमून घरी येतो. घरात त्याचा स्वमग्न मुलगा टॉमी हातात एक काचेचा गोळा घेऊन बसलेला असतो, तो हलवला की आत बर्फ भुरभुरतं तसला. हा दिवसभर ह्यात काय बघत असेल, असं बाप म्हणतो आणि गोळा टीव्हीवर ठेवून देतो. गोळ्याच्या आत तेच इस्पितळ असतं. म्हणजे सहा वर्षांची सगळी मालिका त्या पोराच्या डोक्यात घडली.

२००२ मध्ये मॅकडफीनं ह्यावर एक स्तंभलेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की कॉमिक्सवाले जो नियम लावतात तो आपण टीव्हीला लावून बघू. दोन कथांतली पात्रं एकदा जरी भेटली तरी त्या दोन्ही कथा एकाच जगातल्या. बरं, १९८५ मध्ये 'सेंट एल्सव्हेअर'चे डॉक्टर 'चिअर्स' मालिकेतल्या दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले होते. म्हणजे 'चिअर्स'ही टॉमीच्या डोक्यात. 'चिअर्स'मधून 'फ्रेझर' निघाली, तीही गेली. इस्पितळातली एक डॉक्टर पुढे 'होमिसाइड' ह्या पोलिसी मालिकेत आली. तिथला मंच नावाचा डिटेक्टिव्ह 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये गेला, 'एक्स-फाइल्स'मध्ये डोकावला. असं धागा धागा ओढत गेलं की अमेरिकन टीव्हीचा मोठा हिस्सा एका न बोलणाऱ्या मुलाच्या कल्पनेत जमा होतो. चाहत्यांनी नंतर ही यादी शेकडो मालिकांपर्यंत नेली.

ह्यात तर्काची एक फट आहे, आणि ती तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनीही दाखवून दिली आहे. माझ्या स्वप्नात पुणे आलं म्हणून पुणे खोटं ठरत नाही. पण मॅकडफीला सिद्धांत मांडायचाच नव्हता. नियम शेवटपर्यंत पाळला की वेडाचार हाती लागतो, एवढंच त्याला दाखवायचं होतं. गणितात एखादं विधान खरं धरून चालायचं आणि ते मूर्खपणाला जाऊन भिडलं की खोडायचं, त्यातलाच प्रकार. ही सवय त्याला कुठून लागली असावी ह्याचा मला अंदाज आहे. डेट्रॉईटचा हा मुलगा, जन्म २० फेब्रुवारी १९६२ चा, मिशिगन विद्यापीठात आधी इंग्रजी आणि मग भौतिकशास्त्र शिकला. त्यानंतर न्यूयॉर्कला सिनेमाच्या शाळेत गेला, आणि पोटासाठी एका आर्थिक नियतकालिकात मजकूर तपासत बसला. १९८७ मध्ये मार्व्हलमध्ये साहाय्यक संपादक म्हणून लागला.

आकडे तपासणाऱ्याची नजर त्याच्या पहिल्याच गाजलेल्या कल्पनेत दिसते. मार्व्हलचे नायक न्यूयॉर्कमध्ये मारामाऱ्या करतात, इमारती कोसळतात, गाड्या भिरकावल्या जातात आणि पुढच्या महिन्यात शहर पुन्हा जसंच्या तसं. मॅकडफीनं विचारलं, हे भरतं कोण? उत्तर म्हणून त्यानं आणि चित्रकार अर्नी कोलोननं 'डॅमेज कंट्रोल' काढलं. १९८९ मध्ये त्याची पहिली मालिका आली. नायकांच्या राड्यानंतर मलबा उचलणारी, विम्याचे कागद भरणारी, डागडुजी करून देणारी एक कंपनी. तिच्या कचेरीतले वैतागलेले हिशेबनीस, ठेकेदार, जनसंपर्कवाले. कंपनीत अर्धा पैसा आयर्न मॅनचा आणि अर्धा किंगपिन ह्या गुंडांच्या म्होरक्याचा. आपल्या नगरपालिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना ह्यात काही अतिरंजित वाटणार नाही.

मॅकडफीची गोम मला इथे सापडते. कंटिन्युइटी दोन प्रकारची असते. एक वंशावळीसारखी: कोण कुणाचा कोण, कुठल्या अंकात कुणाला भेटला, त्या दिवशी अंगात निळा झगा होता की काळा. दुसरी वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी: तू जे केलंस ते लिहून ठेवलंय, कधीतरी चुकतं करावं लागेल. पहिलीची तो टर उडवायचा. दुसरीवर त्याचं सगळं लेखन उभं आहे.

मार्व्हल सोडल्यावर त्यानं डेनिस कोवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल ह्यांच्याबरोबर माइलस्टोन मीडिया ही कंपनी काढली. चौघेही कृष्णवर्णीय. १९९३ मध्ये त्यांची पहिली मासिकं आली: 'हार्डवेअर', 'ब्लड सिंडिकेट', 'आयकॉन', 'स्टॅटिक'. छपाई आणि वितरण बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या डीसी कंपनीचं, पण पात्रांची मालकी माइलस्टोनकडेच, हे त्या धंद्यात फार विरळा होतं. चार मासिकं आणि डाकोटा नावाचं एक अख्खं काल्पनिक शहर एकदम कशाला, ह्याचं मॅकडफीनं दिलेलं कारण मला अजून पटतं. गोष्टीत कृष्णवर्णीय माणूस एकच असला की तो माणूस उरत नाही, समाजाचा प्रतिनिधी होतो. त्याला चुकायची, चिडायची, मूर्खपणा करायची मुभाच नाही. सुपरमॅनकडे बघून कुणी 'गोरे लोक असेच असतात' म्हणत नाही, त्याचा शत्रू लेक्स लूथर, त्याच्याकडे बघूनही नाही. मग निरनिराळ्या स्वभावाची, एकमेकांशी भांडणारी पुष्कळ माणसं हवीत, आणि ती मावायला एक जग हवं.

'आयकॉन'मध्ये हे भांडण घरातच आहे. परग्रहावरचा एक प्रवासी १८३९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यात कोसळतो. यान त्याला पहिल्या दिसलेल्या माणसाचं रूप देतं, आणि ती असते एक गुलाम बाई. म्हणजे सुपरमॅनचीच जन्मकथा, फक्त पाळणा वेगळ्या दारात ठेवला. तो फार हळू म्हातारा होतो. १९९० च्या दशकात तो एक श्रीमंत, पुराणमतवादी वकील आहे. ज्याचं त्यानं बघावं अशा मताचा. त्याच्या घरी चोरी करायला गरीब वस्तीतली काही पोरं शिरतात, त्यांतली राकेल त्याला उडताना पाहते आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन त्यालाच झापते, की एवढी ताकद असून तू इथे बसून करतोस काय? ती त्याची सहकारी 'रॉकेट' होते. पुढे तिला दिवस जातात. आणि इथे उधारीची वही उघडते: ते बाळंतपण पुढच्या अंकात विसरलं जात नाही. ती काही काळ काम सोडते, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहते, मूल जन्मतं, मग तान्हं घरी ठेवून शहर वाचवायला जायचं कसं हा प्रश्न महिनोन्‌महिने चालतो. झगा घातलेली कुमारी माता तोवर कुणी पाहिली नव्हती.

'स्टॅटिक'चा नायक व्हर्जिल हॉकिन्स हा विजेच्या शक्तीचा, तोंडाळ, शाळकरी पोरगा. हे नाव एका खऱ्या माणसाचं आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या कायदा शाखेनं १९४९ मध्ये ज्याला केवळ वर्णावरून प्रवेश नाकारला आणि ज्यानं पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात झगडून त्या विद्यापीठाचं दार इतरांसाठी उघडून घेतलं, तो व्हर्जिल हॉकिन्स. लहान वाचकाला हे माहीत असायची गरज नव्हती. मॅकडफीनंही कधी पानावर ढोल पिटला नाही.

माइलस्टोनची मासिकं १९९७ मध्ये थांबली. पण स्टॅटिक २००० मध्ये टीव्हीवर आला, 'स्टॅटिक शॉक' म्हणून, आणि ५२ भाग चालला. त्यातला 'जिमी' हा भाग शोधून पाहा. शाळेत छळला गेलेला एक मुलगा घरातली बंदूक दप्तरात घालून आणतो. त्यात कुठला राक्षस नाही, आणि नायकाची वीज ऐनवेळी काही कामाची नाही. ह्या भागासाठी मॅकडफी आणि अ‍ॅलन बर्नेट ह्यांना ह्युमॅनिटास पारितोषिक मिळालं.

गंमत म्हणजे 'स्टॅटिक शॉक'मध्ये कंटिन्युइटीचं एक ढळढळीत भोक आहे. सुरुवातीच्या भागांत व्हर्जिल सुपरमॅनबद्दल असा बोलतो, की तो कॉमिक्सच्या पुस्तकातला आहे हे उघड कळतं. क्लार्क केंट हाच सुपरमॅन, हे गुपितही त्याला ठाऊक. पुढे खुद्द बॅटमॅन आणि नंतर सुपरमॅन त्याच्या शहरात हजर होतात! वंशावळवाल्यांनी डोकं धरलं. गोष्ट चांगली झाली का, एवढंच पाहायचं असेल तर झाली.

आता 'जस्टिस लीग', म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे नायकांच्या चमूची कार्टून मालिका. इथे टीव्हीचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. कादंबरी एक माणूस लिहितो. कार्टून मालिका लिहिते एक टोळी. कुणी कथेचा आराखडा करतो, कुणी संवाद, आणि 'स्टोरी एडिटर' नावाचा माणूस सगळ्यांच्या संहितांवरून शेवटचा हात फिरवतो, म्हणजे दहा जणांनी लिहिलेला सुपरमॅन एकाच आवाजात बोलेल. मॅकडफी 'जस्टिस लीग'मध्ये लेखक म्हणून आला, स्टोरी एडिटर झाला, पुढे 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा निर्माताही. दोन्ही मिळून ९१ भाग. तेव्हा श्रेय एकट्याचं नाही. ह्या जगाचा मूळ शिल्पकार ब्रूस टिम, आणि स्टॅन बर्कोविट्झसारखे लेखकही होते. पण उधारीची वही तिथे ज्या हातानं लिहिली गेली तो हात मला ओळखू येतो.

उदाहरण देते. २००० मध्ये आधीची सुपरमॅनची मालिका संपली, तिच्या शेवटच्या कथेत खलनायक सुपरमॅनची बुद्धी फिरवून त्याला पृथ्वीवरच सोडतो. तो भानावर येतो खरा, पण जखमी सुपरगर्लवर उपचार करवून घेण्यासाठी आपल्याच मित्राला, प्राध्यापक हॅमिल्टनला, दमात घेतो. मालिका संपली, विषय संपला. पाच वर्षांनी 'अनलिमिटेड'मध्ये सरकारची एक गुप्त प्रयोगशाळा समोर येते, कॅडमस. तिथे नायकांविरुद्ध शस्त्रं तयार होतायत, कारण साधा प्रश्न आहे: हे लोक उद्या पुन्हा फिरले तर आम्ही काय करायचं? लीगचा अड्डा तर अंतराळात, आणि त्यावर जमिनीकडे रोखलेली भलीमोठी तोफ. कॅडमसमध्ये काम करणाऱ्यांत हॅमिल्टनही असतो. आणि तो सुपरमॅनला सांगतो, त्या दिवशी तू मला कसा वागवलास ते मी विसरलेलो नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून बसले होते. पाच वर्षांपूर्वीचा दोन मिनिटांचा प्रसंग, आणि त्याची वसुली आत्ता. शिवाय कॅडमसची प्रमुख अमांडा वॉलर ही खलनायिका नाही. तिचा मुद्दा बरोबर आहे. त्या पर्वाच्या शेवटी लीगला ती तोफ सोडावी लागते आणि जमिनीवर, लोकांच्या नजरेत, एक कचेरी उघडावी लागते.

आपल्याकडे मात्र त्याचं काम बहुतेकांनी पाहिलं ते 'बेन टेन: एलियन फोर्स'मधून, २००८ नंतर. ज्या घरात तेव्हा शाळकरी पोरगं होतं तिथे कंपासपेटीवर, दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर तो हिरवा पट्टा होताच. ह्या मालिकेत बेनच्या बहिणीची, ग्वेनची, जादू ही जादू नसून आजीकडून आलेलं परग्रही रक्त आहे, असं सांगितलं गेलं. चाहते भडकले. आधी सांगितलेली गोष्ट अशी मागाहून बदलण्याला कॉमिक्सवाले रेटकॉन म्हणतात. आपल्याला समजायला सातबारा घ्या. मागच्या नोंदीला धक्का न लावता 'वारसानं असा बदल झाला' अशी नवी नोंद पडते, तो फेरफार. नोंदच खरवडून नवी लिहिली तर ती खाडाखोड. आणि दप्तराला आग लावून पहिल्यापासून सुरुवात केली तर तो रीबूट; डीसीनं १९८५-८६ मध्ये बारा अंकांची एक महाकथा छापून जवळजवळ तेच केलं होतं. ग्वेनची नोंद मला थोडी खाडाखोडच वाटते. आवडता लेखक असला म्हणून काय झालं.

स्वतः मॅकडफीला दुसऱ्यांच्या वहीचा फटका बसला तो छापील कॉमिक्समध्ये. २००७ पासून तो 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' हे मासिक लिहीत होता. पण सामायिक जगात पात्र तुमचं नसतं. दुसऱ्या विभागाची महाकथा ठरली की तुमचा अर्धा चमू तिकडे उचलला जातो, आणि कथा मधेच मोडून नवी जुळवावी लागते. वाचक विचारायचे, असं का केलं? हा मोकळेपणानं खरं कारण सांगायचा. ती उत्तरं एकत्र करून एकानं छापली, आणि २००९ मध्ये मॅकडफीचं काम गेलं. २१ फेब्रुवारी २०११ ला, एकोणपन्नासावा वाढदिवस होऊन एक दिवस झाला असताना, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत तो गेला. दुसऱ्याच दिवशी त्यानं पटकथा लिहिलेला 'ऑल-स्टार सुपरमॅन' बाजारात आला. मरण जवळ आलंय हे कळल्यावर हातातली कामं एकेक करून संपवणाऱ्या सुपरमॅनची ती गोष्ट.

एक भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. 'अनलिमिटेड'मधला, २००५ चा 'एपिलॉग'. मालिका इथेच संपणार अशा समजुतीनं तो लिहिला गेला होता, म्हणून त्यात १९९२ च्या बॅटमॅन मालिकेपासूनच्या सगळ्या जगाचा हिशेब आहे. भविष्यकाळातला बॅटमॅन, टेरी, म्हाताऱ्या वॉलरकडे येतो. त्याला नुकतं कळलंय की तो रक्तानं ब्रूस वेनचा, म्हणजे मूळ बॅटमॅनचा, मुलगा आहे. हा मोठा थोरला फेरफार. टेरीच्या आईवडिलांपैकी कुणाचेच केस काळे नसताना ह्याचे कुळकुळीत काळे कसे, हे वंशावळवाल्यांचं जुनं कोडंही त्यात जाताजाता सुटतं. वॉलर कबूल करते की तिनंच हे घडवलं, कारण जगाला बॅटमॅन लागतोच. आणि का लागतो हे सांगण्यासाठी ती एक जुनी आठवण काढते.

एस नावाची मुलगी. मनाच्या शक्तीनं वास्तवच वाकवणारी. सरकारनं लहानपणीच उचलून तिचं हत्यार केलेलं. आता तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली आहे, ती काही वेळात मरणार, आणि मरताना आसपासच्या कित्येकांना घेऊन जाईल. वॉलर बॅटमॅनच्या हातात तिला मारण्याचं यंत्र देते. तो एकटा आत जातो. ती झोक्यावर बसलेली असते. त्याच्या मनात तिला आधीच दिसलेलं असतं, की हा ते यंत्र वापरणार नाही. भीती वाटते, असं ती म्हणते. सोबत थांबशील का, विचारते. बॅटमॅन, तो अंधारातला दांडगा बॅटमॅन, शेजारच्या झोक्यावर बसतो आणि ती जाईपर्यंत तिचा हात धरून राहतो. कुणाला काही होत नाही.

हा भाग मी एकदा आईला दाखवला. तिला बॅटमॅन म्हणजे 'तो काळ्या कानांचा' एवढाच ठाऊक. अधूनमधून मराठीत सांगत होते. झोक्याचा प्रसंग संपला तशी तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "ही पोरगी आधी कधी आली होती का गं? तेव्हा तिला कुणी असं छळलं?"

आली होती. दोन वर्षं आधीच्या 'वाइल्ड कार्ड्स'मध्ये, जोकरच्या टोळीत. मी तो लावला. त्या रात्री जेवायला साडेदहा वाजले.